तिकडचे आम्ही

उमरग्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं पेंडीचं दुकान आहे. सरकी, गोळी पेंड, मक्याचा भरडा, जनावरांचं मीठ. माझे वडील कल्याणप्पा, म्हणजे आमचे आप्पा, यांनी ते छत्तीस वर्षं चालवलं. आता मी चालवतो. दुकानाच्या वर आम्ही चौघं राहतो, म्हणजे मी अमरनाथ, आई, माझी बायको महेश्वरी आणि आठ वर्षांची गायत्री. सोलापूर-हैदराबाद हायवे हाकेच्या अंतरावर आहे. दिवसभर ट्रकांचे हॉर्न चालू असतात, आणि दुपारी ऊन तापलं की सरकीचा वास जिना चढून घरात येतो.

याआधी साडेतीन वर्षं आम्ही न्यूझीलंडला होतो. देशाच्या अगदी दक्षिणेला, इन्व्हरकार्गिल शहरापासून अर्ध्या तासावर एक खेडं आहे. तिथल्या सहाशे गायींच्या डेअरीवर मी कळप सांभाळायचो. उदगीरला पशुसंवर्धनाची पदविका केलेल्या माणसाला एवढं मिळालं म्हणजे लई झालं. तिथं वारा असा असतो, की वाळत घातलेले कपडे शेजारच्या कुंपणावर जाऊन अडकतात. गायत्रीच्या शाळेत पोरं अनवाणी जायची. पहिल्या दिवशी महेश्वरीनं तिला बूट-मोजे घालून पाठवलं, तर ती बूट दप्तरात कोंबून परत आली. एकदा मेंढ्यांचा मोठा कळप रस्त्यात आडवा आला आणि शाळेला अर्धा तास उशीर झाला. उशिराचं कारण लिहायच्या रकान्यात तिथल्या बाईंनी न विचारताच 'मेंढ्या' असं लिहून टाकलं.

हे असलं सगळं आम्ही रोज आप्पांना सांगायचो. दुकान उघडायच्या आधी, इथल्या सव्वाआठला, त्यांच्याशी व्हिडिओ कॉल ठरलेला. ते फोन असा धरायचे, की विभूती लावलेलं कपाळच तेवढं दिसायचं. विचारायचे, "हं, आज काय झालं?" मेंढ्यांची गोष्ट त्यांनी पेंड न्यायला आलेल्या प्रत्येकाला महिनाभर सांगितली होती.

आमच्यात सगळ्यात जास्त बदलली ती महेश्वरी. तिचं माहेर आळंदचं. तिथं तिला कुणी सायकलसुद्धा चालवू दिली नव्हती. तिकडं ती गाडी चालवायला शिकली. शेजारच्या जोननं शिकवली. जोन चौऱ्याहत्तर वर्षांची, एकटी राहणारी, कोंबड्या पाळणारी बाई. सहा महिन्यांत महेश्वरी दोनशे किलोमीटर एकटी जाऊन यायला लागली. गावच्या वाचनालयात तिला काम मिळालं. शनिवारी ती लहान पोरांना गोष्टी वाचून दाखवायची, आणि तिचे उच्चार ऐकून हसणारी पोरं पुढच्या शनिवारी पहिल्या रांगेत येऊन बसायची.

गेल्या डिसेंबरात आप्पांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. आईचा फोन आला तेव्हा आम्ही समुद्रावर होतो.

महेश्वरीनं साधी वाट सुचवली. मी महिन्याची रजा काढून जावं, ती आणि गायत्री तिथंच राहतील, आप्पांना उतार पडला की मी परत यावं. कायम राहण्याचा आमचा अर्ज शेवटच्या टप्प्यात होता. नोकरी सोडली तर तो बाद होणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. डेअरीचा मालक रजा द्यायला तयार होता. मी म्हणालो, जायचं तर सगळ्यांनी आणि कायमचं. तिकडं माणूस मरायला टेकलंय आणि तुला वाचनालय सुचतंय, असंही म्हणालो.

खरं कारण मी तेव्हा बोललो नाही, नंतरही नाही. महिनाभर मी नसलो तरी त्या दोघींचं काही अडणार नव्हतं. मला ते स्पष्ट दिसत होतं, आणि तेच मला नको होतं.

अकरा जानेवारीला आम्ही हैदराबादला उतरलो. तीस जानेवारीला आप्पा गेले. त्यांचा उजवा हात शेवटपर्यंत हलला नाही. मळ्यात त्यांना आमच्या रीतीप्रमाणं बसवून माती दिली. महेश्वरीनं आल्यागेल्यांचं सगळं केलं. माझ्याशी भांडली नाही. विचारलं तेवढ्यापुरतं बोलायची, 'व्हय', 'न्हाय', 'ठेवलंय'. मला वाटलं होतं, चार महिन्यांत निवळेल.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी मी फोन हातात घेतला, तर त्यावर गायत्रीच्या तिकडच्या शाळेच्या ॲपचा संदेश होता. सुट्टीनंतर शाळा सुरू झाली होती. गायत्री आज वर्गात हजर, एवढंच त्यात होतं.

गायत्री तेव्हा माझ्यासमोर उपीट खात होती. नाव कमी करायचं राहिलं असेल, असं समजून मी शाळेला लिहिलं. दुसऱ्या दिवशी नम्र उत्तर आलं. नाव कमी करायचं असल्यास तसं कळवावं, पण गायत्री रोज वेळेवर येते आहे, काही अडचण आहे का? मी ते ॲप माझ्या फोनवरून काढून टाकलं. महेश्वरीनं तिच्या फोनवरून काढलं नाही.

मार्चमध्ये वाचनालयाचे संदेश सुरू झाले. महेश्वरीच्या नावावर घेतलेली पुस्तकं परत करायची तारीख. एक पाव भाजण्यावरचं होतं, एक तिकडच्या पक्ष्यांवरचं, आणि दोन लहान मुलांची. कुणीतरी तुझं कार्ड वापरतंय, असं मी तिला म्हणालो. ती म्हणाली, "पक्ष्यांचं पुस्तक मला घ्यायचंच होतं. निघायच्या गडबडीत राहिलं."

एप्रिलमध्ये गायत्रीचा पुढचा, वरचा दात पडला. तिनं तो कागदात गुंडाळून माझ्याकडं दिला आणि मी तो गच्चीवर नेऊन पत्र्यावर फेकला. दुसऱ्या दिवशी सकाळी महेश्वरीच्या फोनवर जोननं फोटो पाठवला. तिकडच्या गल्लीचा एक ग्रुप होता, त्यातून महेश्वरीनं नाव काढून घेतलं नव्हतं. फोटोत गायत्री जोनच्या अंगणात उभी होती. अंगात निळा स्वेटर, पाय अनवाणी, काखेत तपकिरी कोंबडी. ती हसत होती आणि पुढचा, वरचा दात नव्हता.

स्वेटर आमच्या ओळखीचा नव्हता.

मी फोटो मोठा करून पाहिला. जुना म्हणावा तर तिकडं असताना गायत्रीचे सगळे दात जागेवर होते. केस कानापर्यंत कापलेले होते. इथं माझ्यासमोर महेश्वरी तिच्या दोन वेण्या घालत होती. मी नाना शक्यता मांडल्या. हल्ली फोटो कसेही बनवता येतात. जोनचं वय झालंय, कुणीतरी तिची चेष्टा करतंय. महेश्वरीनं सगळं ऐकून घेतलं, रिबिनीची गाठ मारली आणि म्हणाली, "कोंबडीचं नाव रूबी आहे. ती कुणाच्या हातात जात न्हाय. गायत्रीच्याच जाते."

त्यानंतर ती रोज सकाळी फोन बघायची आणि गायत्रीला शाळेला तयार करताना तिकडचं सांगायची. तिच्या आवाजात तेवढ्यापुरता जीव यायचा. काल तुम्ही सगळी पोरं समुद्रावर गेला होतात, सील बघितला. जोनच्या वाढदिवसाला आईनं पुरणाची होळगी केली. बाबांनी घराला रंग दिला, दार पिवळं केलं. गायत्री टाय बांधून घेत ऐकायची. मी एकदा चिडून म्हणालो, पोरीच्या डोक्यात हे काय भरवतेस? महेश्वरीनं माझ्याकडं पाहिलं. "तिनं तिथं काय काय केलं असतं, ते तिला कळायला नको व्हय?"

मी खाली जाऊन दुकान उघडलं.

जूनमध्ये एका दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. आई भाकरी वाढत होती. गायत्री सहज म्हणाली, "आज आपली गाडी चिखलात रुतली. बाबांनी ट्रॅक्टरला दोर बांधून ओढली. आई इतकी हसली, की खालीच बसली."

मी महेश्वरीकडं पाहिलं. तिनं मान हलवली. हे तिनं सांगितलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जोनचा संदेश आला. पाऊस फार झालाय, रस्त्यांवर चिखल आहे, मंगळवारी अमरनाथला गाडी ट्रॅक्टरनं ओढावी लागली. आम्ही जेवायला बसलो होतो तो मंगळवारच होता. मी वाचून दाखवलं तेव्हा आई देवघरात गेली, विभूती घेऊन आली आणि गायत्रीच्या कपाळाला लावली. मग थोडा वेळ थांबून महेश्वरीच्याही लावली. मला म्हणाली, "तू एकदा फोन करून बघ. काय आसल ते तोंडावर इचार."

मी आठ दिवस टाळलं. कशाची भीती वाटत होती, ते मला नीट सांगता येणार नाही. तिकडं कुणी नसेल याची नव्हती.

जुलैच्या एका शनिवारी, सकाळी साडेआठला, मी खालच्या दुकानात आप्पांच्या खुर्चीत बसून जोनला व्हिडिओ कॉल लावला. तिकडं दुपारचे तीन होते. शटर अर्धं उघडं होतं. महेश्वरी चहा घेऊन खाली आली होती, ती माझ्या मागं उभी राहिली.

जोन स्वयंपाकघरात होती. मला बघून ती हसली आणि मग गोंधळली. खिडकीतून वाकून कुंपणापलीकडं पाहिलं. म्हणाली, "पण तू तर बाहेर गाडी धुतोयस." मी म्हणालो, मी भारतातून बोलतोय, त्याला फोन दे. तिचा चेहरा उजळला. भाऊ आहेस का, इतकं सारखं दिसावं माणसानं, असं काहीतरी बोलत ती बाहेर निघाली. पडद्यावर तिचे रबरी बूट, ओलं गवत, कुंपणाचं फाटक दिसलं. आमचं घर दिसलं. दार पिवळं होतं.

एका माणसाची पाठ दिसली. त्याच्या अंगात माझा हिरवा रेनकोट होता. निघताना मी तो जोनला देऊन आलो होतो.

त्यानं हात पँटला पुसले आणि फोन घेतला.

चेहरा माझाच होता. थोडा भरलेला, वाऱ्यानं रापलेला. गेल्या सहा महिन्यांत माझ्या कानाजवळ आलेले पांढरे केस त्याला नव्हते. तो दचकला नाही. माझ्या खांद्यावरून मागचं दुकान बघत राहिला.

"आप्पा कुठंयत?" त्यानं विचारलं.



"ह्या खुर्चीत आप्पा बसतेत," तो म्हणाला. "रोज सव्वाआठला बोलतो मी. आज पण बोललो. उजवा हात आता खांद्यापतुर वर जातो त्यांचा. उचलून दाखवला मला."

तो हे कुणाला खिजवायला सांगत नव्हता. आनंदात सांगत होता. मला एवढंच कळलं, की ह्यानं बायकोचं ऐकलं, नोकरी ठेवली, घर ठेवलं, आणि त्याचा बापही राहिला. आणि मी सगळं सोडून धावत आलो. ज्याच्यासाठी आलो त्याचा हात हातात धरून एकोणीस दिवस बसलो.

माझ्या डोक्यामागं भिंतीवर आप्पांचा हार घातलेला फोटो होता. फोन मी असा धरला होता, की तो त्याला दिसत नव्हता. मला फोन तसाच धरून ठेवता आला असता.

मी तो थोडा वर केला.

त्याची नजर भिंतीवर गेली आणि तिथंच राहिली.

"जानेवारीतच गेले," मी म्हणालो. "मळ्यात माती दिली."

त्याच्या मागं पिवळं दार उघडलं. एक बाई गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत बाहेर आली. केस कानापर्यंत कापलेले. ती आतल्या कुणाशी तरी बोलत हसत होती. ते हसणं मी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. माझ्या मागं कपबशी वाजली.

पडदा काळा झाला. मी पुन्हा लावला. नंतर दहा वेळा लावला. कुणी उचलला नाही.

महेश्वरीनं चहा समोर ठेवला. ती शांतपणे म्हणाली, "सांगायची काय गरज होती?"

मी म्हणालो, खरं तेच सांगितलं.

"तुमचं खरं," ती म्हणाली आणि जिना चढून गेली.

त्या दिवसापासून शाळेचे आणि वाचनालयाचे संदेश थांबले. गायत्रीही काही सांगेना. मला बरं वाटलं, हे मी कबूल करतो. वाटलं, काय होतं ते एकदाचं संपलं.

दहाव्या दिवशी, सोमवारी, जोनचा संदेश आला. या वेळी माझ्या फोनवर, मला उद्देशून.

तिनं लिहिलं होतं, की तुझ्या भावाला आणि त्या दोघींना आज विमानतळावर सोडून आले. वडील गेल्याचं कळल्यापासून तो नीट जेवला नाही. आम्ही सगळ्यांनी त्याला एकट्यानं जाऊन यायला सांगितलं, पण तो ऐकेना. सगळ्यांनी आणि कायमचं, असं म्हणत राहिला. गायत्री कोंबडीला धरून रडली. महेश्वरी गाडीत एक शब्द बोलली नाही. बुधवारी ते तुमच्याकडं पोचतील. तुझा नंबर त्याला दिलाय. त्यांना सांभाळ.

मी तो संदेश तीनदा वाचला. मग महेश्वरीला दिला. म्हणालो, म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही. तिनं वाचला, फोन परत दिला आणि पीठ मळायला बसली.

मंगळवारी ती गायत्रीला घेऊन बाहेर गेली. तासाभरानं दोघी परत आल्या. दोघींचे केस कानापर्यंत कापलेले होते. आई भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

मी विचारलं. महेश्वरी म्हणाली, "उकडतंय."

जुलैत उकडत नव्हतं. दोन दिवस ढग होते.

बुधवारी मी दुकान उघडलं नाही. वरच बसलो. गायत्रीला तिनं शाळेला पाठवलं नव्हतं. ती खिडकीत बसून हायवेकडं बघत होती. अनवाणी. फरशीवर पाय हलवत होती.

सव्वाबाराला माझा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"साहेब, उमरग्याचेच ना तुमी?" माणूस गाडी चालवत बोलत होता. "एअरपोर्टवरची सवारी हाय माझ्याकडं, तिघंजण. हुमनाबाद मागं पडलं. साहेबांना झोप लागलीय. बाईसाब तर हैदराबादपासनं काय बोलंनातच. मनून मीच फोन लावला. घर कुठं येतंय?"

पलीकडं गाडीत एक लहान मुलगी काहीतरी म्हणाली. खिडकीतल्या गायत्रीनं मान वळवली.

महेश्वरीनं माझ्या हातातून फोन घेतला.

"बसस्टँडच्या मागं या," ती म्हणाली. "कल्याणप्पांचं पेंडीचं दुकान कुणीबी दाखवंल."

तिकडून काहीतरी उत्तर आलं. ती जिन्यातली गायत्रीची चप्पल पायानं बाजूला सारत ऐकत होती. तिनं काहीच भरलं नव्हतं. घरात कुठं पिशवी नव्हती, बॅग नव्हती.

"परत रिकामेच जाणार ना हैदराबादला?" तिनं विचारलं. "मग जरा थांबा. आम्ही दोघी येणार आहोत. डिकीतल्या बॅगा उतरवू नका."